पायलीवरची शीग

मी तयार केलेलं पहिलं पान मी स्वतः कधी पूर्ण उघडलेलं पाहिलं नाही.

नव्याण्णव साली मुर्री या आमच्या गावाहून सायकलने गोंदियात येऊन मी कॉम्प्युटर शिकले आणि शिकल्यावर त्याच क्लासात शिकवायला लागले. दोन-तीन वर्षांनी इंटरनेटवरच्या लिलावाबद्दल कानावर आलं. घरातल्या जुन्या वस्तूचा फोटो काढायचा, तिचं एक पान तिथं मांडायचं, ठरावीक दिवस लोक बोली लावतात आणि शेवटी ज्याची बोली मोठी त्याला ती वस्तू पाठवायची. मला वाटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. बाबांनी तरुणपणी जमवलेले काडेपेट्यांचे छाप मी विकायला काढले आणि त्यांचं पान सजवायला बसले. सजवलं कसलं, लग्नाचा मांडवच घातला. मागे लाल गुलाबांचा पडदा, त्यावर लुकलुकणारी अक्षरं, पान उघडताच वाजणारी बासरी आणि बारा फोटो, एकेक दाराएवढा.

आठ दिवसांत एकही बोली आली नाही. लोकांना जुन्या वस्तूंची कदर नाही, असं मी कॅफेच्या मालकाला ऐकवलं. मी ज्या इंटरनेट कॅफेत बसायची तो बाजारामागच्या गल्लीत होता आणि त्याचा मालक हिंदी बोलणारा, शब्द जपून वापरणारा माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, एक बार ग्राहक की कुर्सी पे बैठ के अपना पन्ना खोलो."

त्याने मला दाराजवळच्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरपुढे बसवलं. मी पान उघडलं. वरून खाली गुलाब उतरू लागला. मी समोरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन आले तेव्हा दीड गुलाब उतरला होता. काडेपेटीचा पत्ता नव्हता.

"ग्राहक गुलाब लेने आया है क्या?" मालकाने विचारलं.

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. माझा स्वभावच तसा आहे, खरं बोलणाऱ्यावर आधी चिडायचं आणि मग त्याचं ऐकायचं. तिसऱ्या दिवशी जाऊन मी गुलाब, बासरी, लुकलुकाट, सगळं काढून टाकलं. आज वीसेक वर्षांनी माझ्याकडे या कामासाठी लोक येतात, पण या कामातलं जे काही मला येतं त्याची सुरुवात त्या खुर्चीत झाली. त्या माणसाचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, ते इथं मानते.

पुढे माझी एक पद्धत बसली. धुतलेली पांढरी चादर ओसरीत पसरायची आणि सकाळच्या उजेडात फोटो काढायचा. फोटो आकाराने इतका लहान करायचा की तो चटकन दिसावा, ज्याला जवळून बघायचं असेल त्याने दाबून मोठा बघावा. पहिल्याच ओळीत वस्तू काय, कशाची, केवढी आणि कशा अवस्थेत आहे ते सांगायचं. पोचा असेल, तडा असेल, तर तो घेणाऱ्याने विचारायच्या आधी आपणच दाखवायचा. 'दुर्मिळ' हा शब्द लिहायचा नाही. आणि फोटो चारच, कारण दाराजवळच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर पाचवा फोटो लावला की पान मध्येच अडकून बसायचं. नवीन पान टाकलं की मी आधी त्या खुर्चीत जाऊन बसायची आणि ते उघडतं का बघायची. मालक ती खुर्ची रिकामी करून द्यायचा.

हळूहळू ओळखीपाळखीचे लोक वस्तू घेऊन यायला लागले. कुणी कंदील, कुणी अडकित्ता, कुणी बंद पडलेला रेडिओ. वस्तू गेली की कुणी लाखोळीची डाळ आणून द्यायचं, कुणी परसातली काकडी. आई म्हणायची, "तुह्या कॉम्प्युटरमंदी भाजीबाजार भरून राहिला."

अशातच एक दिवस बाबाजी आले. ते पितळेची भांडी घडवणारे कारागीर होते आणि बाजारात त्यांचं लहानसं दुकान होतं. आमच्या घरातला पाणी भरायचा पितळी गुंडही त्यांच्याच हातचा होता, म्हणून मी त्यांना ओळखत होते. स्टील आलं तेव्हाच त्यांचा धंदा बसला होता. आता बायकोही गेली होती आणि ते दुकान सोडून नागपूरला लेकीकडे राहायला निघाले होते. मोड घेणारा व्यापारी पुढच्या सोमवारी ट्रक घेऊन येणार होता आणि दुकानातलं सगळं पितळ किलोवर तोलून भट्टीत जाणार होतं.

त्यांनी पोतं उघडून माझ्यापुढे पाच मापं ठेवली. मोठी पायली आणि तिच्या पोटात एकात एक बसणारी चार लहान मापं. धान्य मोजायची.

"बाकी सगळं जाऊ दे मोडीत, मी रडत नाई," ते म्हणाले. "पण हे पाच नाई. हे माह्या बापानं ठोकले. तू म्हणे कॉम्प्युटरवर लिलाव करून राहिली?"

"मग लेकीकडे घेऊन जा ना, बाबाजी."

"दोन खोल्या हायेत तिच्या. मीच कसातरी मावीन."

मी म्हटलं, मग मला द्या, मी सांभाळते. ते माझ्याकडे बघून हसले. "तुले कायले पायजे? तू पाकिटातला तांदूळ आणते. फुकट देलेली वस्तू माळ्यावर जाते, पोरी. ज्याले पायजे त्यानं बोली लावली, दाम देला, मंग तो वापरन. अन् कोणी नाई घेतलं, त मी समजीन का त्यायचा टाइम झाला. सोमवारी तेही ट्रकात टाकीन."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला त्यांचा राग आला. पण ते म्हणतील तसं वागणारे होते, हे मला माहीत होतं. माझ्या हातात एक आठवडा होता.

दुसऱ्या दिवशी मी चादर पसरली तर मापं आरशासारखी चकाकत होती. बाबाजींनी रात्रीतून चिंच आणि राख लावून घासली होती, कारण पाहुण्यापुढे मळकं भांडं कोण ठेवतं! पहिल्या फोटोत पायलीवर मीच दिसत होते, हिरव्या साडीत. मी खूप बोलले त्यांना. शेवटी चादरीचाच आडोसा केला आणि कसेबसे चार फोटो मिळवले. एकात पाचही मापं ओळीने, दुसऱ्यात एकात एक घातलेली, तिसऱ्यात पायलीच्या कडेचा पोचा. चौथा फोटो बाबाजींनी सांगितला. त्यांनी पायली उलटी केली. तिच्या बुडावर त्यांच्या वडिलांनी ठोकलेली खूण होती, नखाएवढं एक मोराचं पीस.

"हे आलं पायजे," ते म्हणाले.

मग मी पट्टीने उंची आणि तोंडाची रुंदी मोजली. पायलीत किती मावतं ते काढायला आईला बसवलं. तिने तांदळाने पायली भरली आणि ते तांदूळ लिटरच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या मगाने मोजले. मी सगळे आकडे पानावर लिहिले आणि रविवारी संध्याकाळी चारची मुदत घातली. जुन्या खुर्चीत बसून पान उघडून पाहिलं, भरकन उघडलं. पानावर माझं समाधान झालं.

चार दिवस बोली आली नाही. गुरुवारी एक प्रश्न आला. त्या साइटवर प्रश्न पानाखालीच दिसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना. विचारणारे गृहस्थ पुण्याकडचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं त्यांनी. दिलेल्या उंची-रुंदीच्या भांड्यात एवढं धान्य मावणं शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हिशेब करून दाखवला होता. शेवटी लिहिलं होतं, एक तर पट्टी चुकली आहे किंवा विकणाऱ्याने माप वाढवून सांगितलं आहे.

वाढवून! माझ्या पानावर! मी तिथल्या तिथे उत्तर लिहायला घेतलं. गावाकडच्या लोकांना फसवे समजण्याची तुमची सवय जुनीच आहे, इथपासून सुरुवात केली आणि दहा ओळींत त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पाठवायचं बटण दाबलं आणि नेमकी लाईन कटली. पुन्हा लागली तेव्हा पत्र गायब होतं. लाईन कटली म्हणून त्या काळात मी हजार वेळा बोटं मोडली असतील, पण त्या एका वेळेसाठी मी तिची ऋणी आहे. ते पत्र गेलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती.

घरी आले आणि आईला म्हटलं, पुन्हा मोज. मी शेजारी बसून पाहत होते. आईने पायली भरली, दोन्ही हातांनी कडेचे तांदूळ वर लोटले आणि वर शीग केली. नेहमीसारखी, टोकदार, एक दाणा जास्त पडला तर घसरेल अशी. मी लहानपणापासून ती शीग पाहत आले होते, म्हणून तर ती मला कधी दिसलीच नव्हती. पट्टीने मी भांडं मोजलं होतं आणि आईने भांडं आणि शीग मिळून मोजली होती. दहा-अकरा वाट्यांमागे एक वाटी नुसती वर होती.

"आई, सपाट भर."

"सपाट कोण भरते व? कोणाले फसवाचं हाय काय?"

आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी केली होती आणि मजुरी धानात घेतली होती. ती सांगायची, काही घरी मालकीण शीग लावून माप टाकायची आणि काही घरी भरलेल्या मापावरून तळहात फिरवायची. "जिथं हात फिरवला, तिथं आम्ही दुसऱ्या वर्षी पाय ठेवला नाई." ती असं म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात त्या घरांबद्दल राग नसायचा, पण ती घरं तिला एकेक करून आठवायची. पायलीत किती मावतं असं मी विचारलं होतं, आणि पायली देताना किती द्यायचं असतं ते आईने मोजलं होतं. गुरुजी बरोबर होते. आईही बरोबर होती.

शुक्रवारी सकाळी मी पायली आणि तांदूळ घेऊन बाबाजींकडे गेले. दुकान अर्धं रिकामं झालं होतं, सोमवारसाठी पोती भरून शिवून ठेवली होती. मी सांगितलं, सपाट भरलेल्या पायलीचा फोटो पाहिजे.

"सपाट?" त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "माह्या बापाच्या मापाचा सपाट फोटो? त्यापरीस मोडीत गेलेलं बरं."

"बाबाजी, तो माणूस खोटं नाही बोलत. आपण शीग धरून माप लिहिलं."

"मंग शीग धराची नाई काय?"

"धरायची, पण वेगळी सांगायची. भांडं किती घेते ते एक. अन् देणारा वर किती देते ते दुसरं. आपण दोन्ही मिसळलं म्हणून आपल्यावर बोट आलं."

मग उठून त्यांनीच पायली पुढे ओढली, आईने दिलेले तांदूळ ओतले आणि काठी घेऊन तोंड सपाट केलं. पण काठी फिरवताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती. मग त्यांनी शीग लावली. तशी सुरेख शीग मी आईच्या हातचीही पाहिली नव्हती. दोन्ही फोटो मी शेजारी शेजारी जोडून एकच चित्र केलं, खाली दोन आकडे लिहिले. एका ओळीत लिहिलं की आमच्याकडे धान्य देताना माप असं भरतात, आणि आधीच्या चुकीबद्दल माफी मागितली.

आता पाच चित्रं झाली. कॅफेत जाऊन जुन्या खुर्चीत पान उघडलं तर पाचवं अडकलं, आणि अडकलं ते नेमकं शिगेचंच. दुपारी परत बाबाजींकडे आले आणि म्हटलं, एक फोटो काढावा लागेल. खरं तर कोणता ते मला दिसत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. पोच्याचा काढला तर लबाडी झाली असती. ओळीतला आणि एकात एकचा काढला तर काय विकतोय तेच कळलं नसतं.

त्यांनीच विचार केला. "पोचा ठेवा लागन," ते म्हणाले. "मंग बूडच काढ. बापाचं नाव बुडाखाली हाय, अन् बूड कोण पायते? शीग ठेव. शीग दिसली म्हंजे बाप दिसला."

बोलीच आली नव्हती म्हणून पान बदलता तरी आलं. मी मोराचं पीस काढून टाकलं. त्या दिवशी कॅफेत मला डोळे पुसताना मालकाने पाहिलं आणि न विचारता एक कटिंग चहा मागवला.

शनिवारी एक बोली आली. रविवारी दुपारी दोन माणसांत चढाओढ लागली. बाबाजी माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. आकडे वाढत होते तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं, ते एकच विचारत होते, "दोघायलेही पायजे हाय काय?" दोघांनाही पाहिजे होती. चार वाजले. मापं पुण्याच्या गुरुजींकडे गेली. किती बोलीवर गेली ते सांगत नाही. बाबाजींनीही मला एकदाच विचारलं आणि विसरून गेले. बाहेर पडताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्यांचा तो हात जड होता आणि त्याला पितळेचा वास येत होता.

पार्सल बांधताना आईने पायलीत मूठभर तांदूळ टाकले. घरातून भांडं रिकामं जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, गुरुजी वजन करून बघतील आणि पुन्हा प्रश्न विचारतील. पण काढले नाहीत. सोमवारी ट्रक आला आणि पोती घेऊन गेला. मंगळवारी बाबाजी नागपूरच्या गाडीत बसले.

महिन्याभराने गुरुजींचं पत्र आलं, सोबत एक फोटो. फोटो दाराएवढा! ज्या माणसाने माझे आकडे तपासले त्याला फोटो लहान करता येत नव्हता, याचा मला मनातून आनंद झाला. मी त्या जुन्या खुर्चीतच बसले होते. फोटो वरून खाली उतरू लागला. आधी भिंत आली, मग खिडकीचा कोपरा. मी चहा प्यायला गेले नाही. मग तांदळाचं एक टोक आलं, ते रुंद होत गेलं, आणि खाली पायली यायच्या आधी पूर्ण शीग आली. जरा वाकडी होती. पहिल्यांदा लावणाऱ्याची असते तशी.

गुरुजींनी लिहिलं होतं की आईचे मूठभर तांदूळ त्यांच्या बायकोने त्यांच्या तांदळात मिसळले आणि आता घरात रोजचा तांदूळ त्यातल्याच एका लहान मापाने निघतो. शीग लावायला ते शिकत आहेत. आणि शेवटी पुन्हा एक प्रश्न होता. तुमच्या पानावर नव्हती, पण पायलीच्या बुडाला मोराच्या पिसाची खूण सापडली, ती कोणाची आहे?

मी बाहेर येऊन कोपऱ्यावरच्या फोनवरून नागपूरला बाबाजींच्या लेकीकडे फोन लावला. तिने त्यांना बोलावलं. मी पत्र वाचून दाखवलं.

"शीग लावून राहिले काय ते?" त्यांनी विचारलं.

"लावून राहिले, बाबाजी. थोडी वाकडी येते."

"येईन हळूहळू."

मग मी खुणेचा प्रश्न सांगितला. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, पुन्हा लाईन कटली. तेवढ्यात बाबाजी खाकरले आणि त्यांनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं, सावकाश, मुलाला शाळेत घालताना सांगतात तसं. मग गावाचं नाव सांगितलं. मग पुन्हा वडिलांचं.

"लिहिलं काय?"

"लिहिलं, बाबाजी."

"एकदा वाचून दाखव बरं."

मी वाचून दाखवलं.